मेजावर वाहिलेली बाटली

धोंडुबाई त्या देवळात नुकतीच झाडलोटीला लागली होती, तेव्हाची गोष्ट. पाळकसाहेबांच्या स्वयंपाकघराची खिडकी देवळामागच्या अंगणात उघडायची. हौदापाशी धोंडुबाई दिव्यांच्या काचा धूत बसली होती आणि आत साहेब आणि पाळकीणबाई यांची चांगली जुंपली होती.

"तुम्ही त्याला उभं केलंत! त्याच्या आईच्या देखत, सगळ्या मंडळीच्या देखत!"

"नियम सगळ्यांना एकच. उपासना बुडवून सिनेमाला गेला तो."

"सिनेमालाच गेला ना? कुणाचा गळा कापायला नव्हता गेला! मिशी फुटायची आहे अजून पोराला. आणि तुम्ही त्याला पुढं उभं करून त्याच्या नावानं एवढी लांबलचक प्रार्थना केलीत. ती प्रार्थना होती का थोबाडीत?"

"प्रार्थनेला थोबाडीत म्हणतेस? पाळकाची बायको तू!"

"म्हणूनच म्हणते. दुसऱ्या कुणाची छाती आहे म्हणायची?"

मग एक बशी फुटली. कुणी फोडली ते दिसलं नाही, पण आवाजावरून चांगल्यातली होती. धोंडुबाईच्या हातातली काच मात्र तशीच राहिली, साबण वाळला तरी तिला कळलं नाही. प्रार्थनेनं माणसाला मारता येतं, हे तिनं तोवर ऐकलंच नव्हतं. ज्या पोराला उभं केलं होतं, त्या रत्नाकरनं पुन्हा देवळाची पायरी चढली नाही. कुणी म्हणालं मिरजेला गेला, कुणी म्हणालं मुंबईला. त्याची आई मात्र मरेपर्यंत बाकावर थोडी सरकून बसायची, शेजारी जागा ठेवून.

देऊळ म्हणजे काही मोठं नव्हे. कोल्हापुरातनं गडमुडशिंगीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला कौलारू इमारत, पुढं दोन नारळ, आणि पाटीवर 'ख्रिस्त मंदिर'. जुनी माणसं त्याला देऊळच म्हणतात. मंडळीही अशीच सरमिसळ, निम्मी शहरात नोकरीला जाणारी, निम्मी आसपासच्या गावांत उसात राबणारी.

धोंडुबाई शाळेत दुसरीपर्यंत गेली, तीही पावसाळा सोडून, कारण वाटेत ओढा होता. नवरा शमुवेल शिरोलीला फौंड्रीत होता. मऊ माणूस. तो गेला, मुलगा पुण्याला गेला, झाडलोटीला दुसरी बाई आली. धोंडुबाईकडं एकच काम उरलं, प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड. रविवारी संध्याकाळी ते घरी न्यायचं, धुवायचं, नीळ घालायची, खळ द्यायची, आणि शनिवारी आणून अंथरायचं. हे काम तिला कुणी दिलेलं नव्हतं, आणि काढून घ्यायची कुणाची हिंमतही नव्हती. एकदा कमिटीनं प्लॅस्टिकचं, पुसता येणारं कापड आणलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "तुमच्या पोरीच्या लग्नात पंगतीला बी हेच घालणार काय?" कमिटीनं ते गुपचूप कपाटात ठेवलं.

कापड लांबलचक, काठाला क्रोशाची वेल. त्याची घडी एकट्या माणसाच्यानं होत नाही. शमुवेल असताना एक टोक त्याच्या हातात असायचं. तो गेल्यावर ती एक टोक खिडकीच्या खिळ्याला अडकवायची आणि दुसरं हनुवटीखाली धरायची.

तरुण संघाचं काम बघायला विल्सन सर आले ते अलीकडं. गोरेगोमटे, सव्विशीतले, गळ्यात गिटार. मनानं फार चांगला माणूस. त्यांनी पडदा आणला, प्रोजेक्टर आणला, 'पिझ्झा आणि प्रार्थना' नावाचा कार्यक्रम ठेवला. पोरं आली, पिझ्झा खाल्ला आणि प्रार्थनेला डोळे मिटल्यावर एकेक करून पसार झाली. सरांनी डोळे उघडले तर समोर रिकामी खोकी आणि खोकी गोळा करणारी धोंडुबाई.

"आज्जी," सर म्हणाले, "पोरं माझ्याशी बोलतच नाहीत हो."

"माझ्याशी तरी कुठं बोलत्यात? तरण्या पोरांचं तोंड म्हंजे नळाचं पाणी बगा. यायचं तवा येतंय, आणि आपण नेमकं घरात नसतोय."

सर हसले. धोंडुबाईला तेव्हा खरंच वाटत होतं की आपला आणि पोरांचा काही संबंध नाही.

मंडळीत सगळ्यात मोठा आवाज पिराजी भोऱ्यांचा. शेतकरी गडी, अंगापिंडानं भक्कम, हसला की कौलं हलायची. कमिटीत तोच, लग्नात वाढायला तोच, मयताला खांदा द्यायला तोच. त्याची एकुलती एक पोरगी प्रियदर्शनी. दहावीला तिला चांगले मार्क पडले त्या दिवशी पिराजीनं पेढे वाटत जाहीर केलं, "माझी पोर डॉक्टर होणार!" झालं. तेव्हापासून मंडळीनं तो विषय देवाच्या गळ्यात घातला. बुधवारच्या घरगुती सभेत विनंती, रविवारच्या उपासनेत विनंती. 'हे प्रभू, प्रियदर्शनीला नीटच्या परीक्षेत यश दे.' पहिल्या खेपेला यश आलं नाही, तशी मंडळीनं प्रार्थनेचा जोर वाढवला. तिला पुढं बोलावून, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायला लागले. पोरगी मान खाली घालून उभी राहायची. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. सगळी प्रेमाचीच माणसं. रत्नाकरला चुकीसाठी उभं केलं होतं, हिला कौतुकासाठी करत होते, एवढाच फरक. पण दोन्ही वेळेला उभ्या राहिलेल्या पोराची मान धोंडुबाईनं मागच्या बाकावरून पाहिली होती, आणि ती तिला सारखीच दिसली.

दिवाळीच्या आधी एका शनिवारी, भर दुपारी, ती कापड घेऊन देवळात आली तर मागच्या अंगणात हौदाच्या कट्ट्यावर प्रियदर्शनी बसलेली. पाठीला दप्तर. क्लास तिचा राजारामपुरीत, आणि पोरगी इथं.

"काय गं? क्लास?"

"लवकर सुटला आज्जी."

"बरं." धोंडुबाईनं जास्त विचारलं नाही. विचारायचं तिच्या डोक्यातही नव्हतं, हातातलं कापड धुळीला लागेल एवढीच काळजी होती. "ऊठ जरा. हे टोक धर. घडी मोडली हाय बसमधी."

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. कापड ताणलं, झटकलं, दुमडलं. मग चालत एकमेकींजवळ यायचं, टोकाला टोक लावायचं आणि पुन्हा मागं जायचं. जवळ आली की पोरगी खाली बघायची, लांब गेली की बोलायची. धोंडुबाईला गंमत वाटली.

"आज्जी, तुम्हाला कधी सगळं सोडून पळून जावंसं वाटलं?"

"लग्न झाल्यावर पयल्या वर्षी रोज वाटायचं. पर बसचं तिकीट काढायला येत नव्हतं."

प्रियदर्शनी हसली. तेवढंच. पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली, त्याच्या पुढच्याही. धोंडुबाईला कळत होतं की कुठलाच क्लास दर शनिवारी लवकर सुटत नाही. पण पोरगी आपणहून टोक धरायला येते, ते बंद पडू नये म्हणून ती गप्प राहिली. डोळ्यांखाली काळं पडलेलं मात्र तिला दिसत होतं.

मग आला हंगामाचा सण.

सण म्हणजे असा की शेतात जे पिकलं त्यातलं पहिलं आणून मेजावर वाहायचं. उसाच्या मोळ्या, गुळाच्या ढेपा, भुईमूग, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. ज्याला शेत नाही तो बाजारातनं आणतो, कुणी लोणच्याची बरणीही ठेवतं. उपासना झाली की अंगणात या सगळ्याचा लिलाव होतो. नियम जुना आणि पक्का, एकदा मेजावर ठेवलेली वस्तू देवाची झाली, ठेवणाऱ्यानं ती परत उचलायची नाही.

सकाळी अगदी लवकर धोंडुबाई मेज मांडत होती. प्रियदर्शनी एक कापडी पिशवी घेऊन आली. वर जांभळी वांगी दिसत होती. तिनं पिशवी मेजाच्या कोपऱ्यात, भोपळ्यामागं ठेवली आणि तिथंच थांबली.

"आज्जी, इथं ठेवलेलं परत नेता येत न्हाय ना? अगदी कुणालाच?"

"न्हाय बाई. एकदा वाहिलं की वाहिलं."

"मग बरं हाय," ती म्हणाली, आणि एवढा मोठा श्वास सोडला, जणू डोक्यावरचा भरला हारा उतरवला.

पोरगी भक्तीला लागली, असं धोंडुबाईला वाटलं. तिनं वांग्यांकडं बघून मान हलवली आणि उसाच्या मोळ्या सरळ करायला गेली.

लिलाव पुकारायचा मान दरवर्षी पिराजीचाच. टेबलावर उभा राहून तो असा पुकारायचा की रस्त्यावरची माणसं गाड्या थांबवायची. भोपळा हातात घेऊन म्हणाला, "हा भोपळा बगा, पाळकसाहेबांच्या पोटासारखा, आतनं सगळा गोड!" आताचे पाळकसाहेबसुद्धा हसले. कोंबड्या गेल्या, गूळ गेला. मग त्यानं ती कापडी पिशवी उचलली, वांगी काढली, आणि वांग्यांखालनं एक बाटली निघाली. शेतात तण मारायला फवारतात त्या औषधाची. अर्धी भरलेली.

मग पिराजी गडगडून हसला.

"आयला! औषध! आवो, देवाच्या मळ्यात बी हराळी झाली काय?"

सगळं अंगण हसायला लागलं. कुणी ओरडलं, "चालतंय की, शेतीमालच हाय!" दुसरा म्हणाला, "कोण हाय रं दानशूर?" पिराजीनं बाटली उंच धरून फिरवली. "झाकण गळू नये म्हणून चिंधी बी बांधलीया बगा. शिस्तीचा गडी दिसतोय! बोला पावणं, उसाला लागणारच हाय, बोला!"

आणि लोक बोलायला लागले. एकानं हात वर केला, दुसऱ्यानं त्याच्यावर चढवलं.

धोंडुबाई कोंबड्यांच्या पाट्या आवरत होती. तिनं मान वर केली ती सहज. अंगणाच्या टोकाला, नारळाला टेकून प्रियदर्शनी उभी होती. तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. बापाच्या हातातल्या बाटलीकडं ती अशी बघत होती, जणू सगळ्या अंगणात तेवढीच एक वस्तू होती.

सकाळची पिशवी, सकाळचा प्रश्न, तो सोडलेला श्वास, सगळं एकदम धोंडुबाईच्या अंगावर आलं. घरच्या घरी हे औषध पिऊन गेलेली माणसं तिनं पाहिली होती. त्यांची कापडं तिनंच धुतली होती. आणि हा बाप ते हातात नाचवून लोकांना हसवत होता, सगळी मंडळी हसत होती, ऊन पडलं होतं, पोरं भडंग खात होती. आपण किंचाळलो असं तिला वाटलं, पण तोंडातनं आवाजच निघाला नव्हता.

दुसऱ्या खेपेला निघाला.

"ते माझं हाय!"

सगळे वळले. पिराजीनं डोळे वटारले. "मावशी? तुमचं? तुमचा ऊस कुठाय, पत्र्यावर?"

"कुंडीत तण झालंय माझ्या. वांग्यात चुकून गेली बाटली. दे हिकडं."

हशा असा पिकला की एका बाईला ठसका लागला. देवळाच्या अंगणात, सणाच्या दिवशी धोंडुबाई धडधडीत खोटं बोलत होती, आणि तिला त्याचं काहीही वाटत नव्हतं.

"देतो की," पिराजी म्हणाला, "पर वाहिलेलं परत न्हाय मिळत, मावशी. नियम तुमीच शिकवलाय आमाला. बोली लावा!"

बोली लावायला तिच्या कनवटीला होतं काय? तिनं इकडंतिकडं बघितलं. "माझी तांबडी तलंग घे. अंड्यावर हाय."

"तांबडी तलंग! एक वार... दोन वार..." मघाशी हात वर केलेल्या गड्यानं धोंडुबाईकडं बघितलं आणि हात खाली घेतला. काय दिसलं त्याला कुणास ठाऊक. "तीन वार! औषध मावशीला, कोंबडी देवाला!"

तिनं बाटली घेतली, पदराखाली धरली आणि नारळाजवळनं जाताना, कुणाकडंही न बघता म्हणाली, "आत ये. कापड काढायचंय मेजावरचं."

आत कुणी नव्हतं. बाहेर पिराजी लसणाची जुडी पुकारत होता. धोंडुबाईनं बाटली स्वतःच्या पिशवीत तळाला घातली, पिशवी पायाशी घेतली आणि कापडाचं टोक पोरीच्या हातात दिलं. घडी तिरकी पडली. उलगडली. पुन्हा तिरकी पडली.

"तुला काय कमी हाय गं?" धोंडुबाईच्या तोंडातनं निघून गेलं. "जीव टाकणारं आईबाप, सगळी मंडळी तुज्यासाठी..."

पोरीचा चेहरा दगडासारखा झाला. चुकलं, हे धोंडुबाईला लगेच कळलं. तिनं दात आवळले. नाही बोलायचं. कापड झटकलं, पुन्हा पहिल्यापासनं सुरू केलं. जवळ आल्या, टोकाला टोक लावलं, लांब गेल्या.

लांब गेल्यावर प्रियदर्शनी बोलली.

"मी क्लासला जात न्हाय आज्जी. गणपतीपासनंच. तिथं बसलं की मला वाचलेलं कायबी कळत न्हाय. फळ्याकडं बघितलं की छाती भरून येत्या. आणि घरी आलं की बाबा विचारत्यात, काय म्हणतायत डॉक्टरीणबाई? रविवारी सगळे डोक्यावर हात ठेवतात. मला त्या हातांचं वजन होतंय."

जवळ आल्या. लांब गेल्या.

"गोठ्यातनं घेतलती ती. चार दिवस माझ्या कपड्यात होती. टाकायला गेलो की टाकवत नव्हती. फेकली तर पुन्हा दुसरी घेईन असं वाटायचं. मग मला आठवलं, मेजावर ठेवलेलं परत घेता येत न्हाय. मला सुद्धा न्हाय. म्हणून ठेवली." तिचा आवाज फुटला. "ती बाहेर काढून विकत्यात, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. दहावीपासनं मी लिलावाला थांबलोच न्हाय. रविवारी जास्तीचा क्लास असायचा!"

धोंडुबाईनं हातातलं कापड सोडून दिलं. ती एवढी वर्षं जपलेली खळ, ती नीळ, सगळं फरशीवर. ती चालत पलीकडं गेली आणि पोरीला धरलं. घट्ट, हाडं लागतील असं. शहाणी माणसं अशा वेळी काय बोलतात ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. "बरं केलंस," एवढंच म्हणाली. "इथं ठेवलीस, बरं केलंस. बरं केलंस."

रडं आवरल्यावर तिनं विचारलं, "बापाला कोण सांगायचं? तू का मी?"

"नको आज्जी. ते उद्या सगळ्या मंडळीला सांगून प्रार्थना ठेवतील."

"न्हाय ठेवणार. त्याचं मी बगतो. पर त्याला सांगायचंच पायजे. मी म्हातारी हाय, दिवसभर तुज्या उशाशी बसायला मला जमायचं न्हाय. घरातली माणसं पायजेत. मी तुज्या संगं येतो."

संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, दोघी भोऱ्यांच्या दारात. पिराजी पडवीत पाय पसरून चहा पीत होता, दिवसभराच्या पुकाऱ्यानं घसा बसलेला. बायको अनुजा भांडी लावत होती.

"या या मावशी! मेलं का कुंडीतलं तण?"

धोंडुबाईनं पिशवीतनं बाटली काढली आणि त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"परत आणली व्हय? का तलंग परत पायजे?" तो हसला. मग त्याची नजर झाकणावर गेली. चिंधी निळ्या चौकटीच्या कापडाची होती. त्याच्या जुन्या शर्टाची. त्यानं स्वतः फाडून, स्वतः गाठ मारलेली. लिलावात ती गाठ त्याच्या बोटांखालीच होती.

"ही आमच्या गोठ्यातली..." तो म्हणाला. त्यानं धोंडुबाईकडं बघितलं, मग तिच्या पाठीमागं उभ्या असलेल्या पोरीकडं. मग पुन्हा बाटलीकडं.

सांगावंच लागलं नाही.

अनुजा हातातलं पातेलं तसंच टाकून आली आणि तिनं पोरीला पोटाशी धरलं. पण पिराजी उठला नाही. ज्याच्या आवाजानं रस्त्यावर गाड्या थांबायच्या त्या माणसाला स्वतःच्या पडवीत शब्द सापडेना. चहावर साय धरली.

शेवटी त्याच्या घशातनं घरघरल्यासारखं आलं, "मी... मी हसत हुतो. हातात धरून. मावशी, मी बोली पुकारली."

"व्हय," धोंडुबाई म्हणाली. खोटं समाधान द्यायला तिला जमलं नाही. "आता ऐक. उद्या तिला मनाच्या डॉक्टरकडं न्यायचं. थांबायचं न्हाय. गोठ्यातलं हाय-न्हाय तेवढं औषध आजच्या आज दुसऱ्याच्या घरी कुलपात. आणि मंडळीत एक शब्द न्हाय. विनंती न्हाय, आशीर्वाद न्हाय. तिला उभं करायचं न्हाय पिराजी. अजिबात न्हाय."

त्यानं मान हलवली. मग तो उठला, पोरीसमोर गेला आणि तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. अर्ध्यातच थांबला. हात खाली घेतला, आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"जेवलीस काय गं सकाळपासनं?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

"मी बी न्हाय," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

बुधवारी घरगुती सभेत नेहमीसारखं कुणीतरी म्हणालंच, "प्रियदर्शनीच्या परीक्षेची विनंती घ्यायची ना?" पिराजी खालच्या आवाजात म्हणाला, "या खेपेला तिचं नाव नगं. माझं घ्या." लोकांना वाटलं, घसा बसलाय म्हणून. मंडळीनं त्याच्या घशासाठी मनापासून प्रार्थना केली.

डॉक्टर चांगली निघाली. गोळ्या दिल्या, बोलायला दर आठवड्याला बोलावलं. सगळं एका रात्रीत सरळ झालं असं नाही. मधे एक वाईट महिना गेला, अनुजा पोरीच्या खोलीत झोपायची. नीटची पुस्तकं एका पोराला देऊन टाकली. पुढं प्रियदर्शनीनं इथल्याच कॉलेजात नाव घातलं, इतिहास घेऊन. पिराजीला कुणी विचारलं, इतिहास शिकून काय होणार, तर तो म्हणायचा, "जेवती हाय, झोपती हाय. आणखी काय व्हायचं?"

मंडळीत मात्र धोंडुबाईचं नाव पडलं ते पडलंच, तणवाली आज्जी. पोरं तिला बघून ओरडायची, "आज्जी, कुंडीतला ऊस तोडला का?" ती म्हणायची, "कारखाना उचलंना झालाय!" आणि चिडवायला आलेली पोरं थांबायची, मग कापडाचं टोक धरायची, आणि लांब गेल्यावर काहीबाही बोलायची. एकाचं मोडलेलं प्रेम, एकीचा दारुड्या भाऊ, एकाला नुसतीच भूक. विल्सन सरांनी हे बघितलं आणि उत्साहानं म्हणाले, "आज्जी, मी दर शनिवारी दोघादोघांना पाठवतो, वेळापत्रक करून."

"पाठवू नगासा सर. पाठवलेली पोरं बोलत न्हाईत. तुमी बी कवातरी या, गिटार घरी ठेवून." ते आले, कापडाचं टोक धरलं, आणि पहिल्यांदाच आपल्या आईबद्दल बोलले. त्यांना गोव्याकडच्या मंडळीत बोलावणं आलं होतं आणि तिला सोडून जायला नको वाटत होतं.

धोंडुबाईला या सगळ्याचा अभिमान वगैरे नव्हता. तिच्या अंगात त्या दिवसाचा धक्का तसाच राहिला होता. अजूनही कधी भांडी घासता घासता तिला ते हसणारं अंगण दिसायचं आणि हात थांबायचा. एवढी माणसं, एवढं ऊन, आणि कुणालाच कळलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात, एका सोमवारी पहाटे ती झोपेतच गेली. त्याच्या आधीच्या शनिवारी ती नेहमीसारखी कापडाची पिशवी घेऊन बसमधनं उतरली होती. ऊन फार होतं, म्हणून डोक्यावर पदर आणि पदरावर ओला टॉवेल. भोऱ्यांचं घर देवळाच्या वाटेवर नाही, दोन बोळ आत आहे, पण त्या सणापासनं ती दर शनिवारी तिकडून वळसा घालूनच जायची. आत जायची नाही, बसायची नाही, चहाही घ्यायची नाही. फाटकाशी उभं राहून हाक मारायची.

"प्रियदर्शनी! जेवलीस काय गं?"

आतनं पंख्याचा आवाज येत होता. जरा वेळ गेला. मग खिडकीतनं डोकं बाहेर आलं, केस ओले, तोंडात घास.

"जेवतोय की आज्जी! तुमी?"

"जाऊन जेवणार."

"या की आत, ऊन बगा किती!"

"नगं. कापड चुरगळतंय," धोंडुबाई म्हणाली, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि देवळाकडं चालायला लागली.